तुटलेल्या खडूचा आवाज

घाटकोपरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीच्या तोडणकर मॅडमना सुलक्षणा या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. पोरांत त्यांचं एकच नाव, खडूवाल्या मॅडम. आता खडू काय, सगळ्याच शिक्षकांच्या हातात असतो. पण या बाईंची तऱ्हाच वेगळी. बारावीला थर्मोडायनॅमिक्सचा धडा आला, की पहिल्याच तासाला बाई खोक्यातून एक कोरा, अख्खा खडू काढणार, दोन्ही हातांनी वर्गापुढे धरणार आणि कट्‌कन मोडणार. "ऐकलात आवाज? कुठून आला? बाँड तुटला रे तुटला, की आत कोंडून बसलेली एनर्जी बाहेर! कळलं? झालं थर्मोडायनॅमिक्स, जा आता घरी." पोरं हसायची. घरी कुणी जायचं नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि बाई शिकवायच्या झकास, यात वाद नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात नवसागर टाकायच्या आणि तो पेला बाकाबाकांवरून फिरवायच्या. पेला असा गारेगार झालेला बघून पोरी किंचाळायच्या. "अगं, ओरडतेस काय? तुझ्या हाताची उष्णता ओढून घेतली त्याने. पेल्यातलं मिश्रण म्हणजे सिस्टीम. तू, मी, हा बाक, बाहेरचा रिक्षावाला, आपण सगळे सराउंडिंग. सिस्टीमने आपल्याकडून उष्णता घेतली, म्हणून आपल्याला गार लागलं. अशा क्रियेला म्हणायचं एन्डोथर्मिक." मग दुसऱ्या पेल्यात कॉस्टिक सोड्याचे दाणे पडायचे आणि तो पेला तापायचा. त्याला फक्त बाहेरून बोट लावू द्यायच्या. महागड्या क्लासला जाणारी पोरंसुद्धा या दोन पेल्यांच्या दिवशी कॉलेजात हजर असायची.

खडूचं तेवढं मात्र साफ चुकीचं होतं. आताच सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणून धरण्यात अर्थ नाही. बाँड तुटताना एनर्जी बाहेर पडत नाही, उलट तो तोडायला बाहेरून एनर्जी द्यावी लागते. बाहेर पडते ती नवा बाँड जुळताना. शेगडीवर गॅस जळतो, तेव्हा जुनं मोडायला थोडी खर्च होते आणि नवं जुळताना त्याहून जास्त मिळते, आणि वरचढ निघालेल्या त्या उष्णतेवर आपला चहा होतो. अकरावीच्या पुस्तकातसुद्धा हे सरळ सरळ छापलेलं असतं. मग बाईंच्या लक्षात कसं आलं नाही? कारण गणितं त्या सूत्राने सोडवायच्या, आणि सूत्र बरोबर होतं. तुटलेल्यांची बेरीज, वजा जुळलेल्यांची बेरीज. उत्तर बरोबर यायचं, बोर्डात मार्क पडायचे, आणि एका तासाला शिकवलेला खडू दुसऱ्या तासाच्या गणिताशी भांडतोय हे बघायला कुणाला वेळ होता?

शिवाय त्या खडूवर बाईंचा जीव होता. सुलक्षणाबाईंचे वडील परळच्या गिरणीत बॉयलरवर कामाला होते. देवगडाकडून आलेलं कुटुंब, गिरणी बंद पडल्यावर वडील वॉचमनकी करायला लागले, आणि घरातली पहिली एमेस्सी झालेली ही पोर नोकरीच्या पहिल्या दिवशी बारावीच्या वर्गासमोर उभी राहिली ती लटलट कापत. वर्ग ऐकेना. मागून कुणीतरी मांजराचा आवाज काढला. घाबरून हातातला खडू घट्ट दाबला गेला आणि तुटला, आणि त्या आवाजाने वर्ग एकदम गप्प झाला. आता काहीतरी बोलायला तर हवं! तोंडातून जे बाहेर पडलं ते हेच, बाँड तुटला की एनर्जी बाहेर. वर्ग हसला, मग ऐकायला लागला. त्या दिवसापासून बाई तो खडू सोडायला तयार नव्हत्या.

यंदा सप्टेंबरअखेर बाई रिटायर व्हायच्या होत्या. म्हणजे खडूचा हा शेवटचा मान. जुलैमध्ये धडा सुरू झाला, बाईंनी ठरल्याप्रमाणे खडू काढला, मोडला, वाक्य म्हटलं, वर्ग हसला. आणि दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

हात दिशा मडवळचा होता. सावळी, बारीक चणीची, वेणी घट्ट बांधलेली पोर. शंका विचारायची हिला भारी हौस. एरवी बाईंना ते आवडायचंही. "मॅडम," दिशा म्हणाली, "पण जोर तर तुम्ही लावलात ना? म्हणजे एनर्जी तुमची गेली. खडूची कुठे आली?"

वर्गात खसखस पिकली. बाई म्हणाल्या, "बस खाली. नीट विचार करून बोल."

दिशा बसली नाही. "मॅडम, पुस्तकात बाँड एन्थाल्पी प्लस आहे. म्हणजे द्यावी लागते ना? मग जुळताना बाहेर येत असणार."

आता इथे बाईंना थांबता आलं असतं. "थांब गं, बघू या" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो शेवटचा खडू होता, मागच्या बाकांवर फिदीफिदी चाललं होतं, आणि पहिल्या दिवसाची ती लटलट इतक्या वर्षांनी पुन्हा पोटात उठली. बाईंना एकदम आठवलं, की ही पोर मध्ये एकदा उशिरा आली होती. कारण विचारलं, तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाली होती, "मॅडम, बाबांचं भटवाडीत इस्त्रीचं टेबल आहे, सकाळी कपडे पोचवायचे असतात." विश्वासाने सांगितलेली गोष्ट. बाईंनी तीच उचलली.

"मडवळ, तुमच्याकडे कोळशाची इस्त्री आहे ना? मग जा, तुझ्या बाबांना विचार, कोळसा तुटून तापतो की जुळून तापतो! आणि उत्तर मिळालं की मग ये मला शिकवायला."

वर्ग असा हसत सुटला म्हणता! पोरं बाक बडवायला लागली. दिशा खाली बसली. तिच्या शेजारच्या गार्गी नावाच्या मुलीने तोंडावर ओढणी धरून म्हटलं, "ए कोळसा!" आणि मागच्यांनी ते झेललं. बाईंनी ऐकलं. ऐकलं, आणि फळ्याकडे वळल्या. वर्ग पुन्हा आपल्या बाजूचा झाला, एवढंच त्यांना तेव्हा कळलं. त्या दिवसापासून दिशाचा हात वर आला नाही.

पुढच्या आठवड्यात गणितं. बाईंनी फळ्यावर हायड्रोजन आणि क्लोरीन लिहिले, त्यांच्यापासून हायड्रोजन क्लोराइड तयार होतं ते लिहिलं. हायड्रोजनचा बाँड ४३६, क्लोरीनचा २४२, आणि नवे दोन बाँड प्रत्येकी ४३१. हात सवयीने चालला होता. "तोडायला लागणारी एनर्जी," असं बोलत बोलत त्यांनी बेरीज मांडली, ६७८. "जुळताना बाहेर पडणारी," ८६२. वजाबाकी केली, वजा १८४. आणि हात फळ्यावर तसाच राहिला.

तोडायला लागणारी. जुळताना बाहेर पडणारी. आपल्याच अक्षरात, आपल्याच तोंडाने. दर वर्षी हे असंच लिहिलं होतं बाईंनी. पण यंदा दिशाचं वाक्य कानात बसलेलं होतं, आणि ते या दोन ओळींना येऊन भिडलं. मग लगेच दुसरं आठवलं. कोळसा तुटून तापतो की जुळून तापतो! अहो, जुळूनच तापतो की! कोळशातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, म्हणून तर निखारा होतो. टोमणा म्हणून पोरीच्या तोंडावर फेकलेल्या प्रश्नातच तिचं उत्तर होतं, आणि ते बरोबर होतं, आणि चूक होती ती फेकणारी.

बाईंचे कान तापले. पाठ वर्गाकडे होती, हे नशीब. पदराने मानेवरचा घाम पुसून त्या हळूच वळल्या, तर अख्खा वर्ग वजा १८४ वहीत उतरवून घेत होता. कुणाला काही कळलेलं नव्हतं. फक्त दिशा लिहीत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती, मग तिने बाईंकडे बघितलं, आणि नजर खाली घातली. जिंकल्याचा आव नाही, राग नाही. मोठ्या माणसाचं काहीतरी उघडं पडलेलं दिसलं की लहान माणूस मान वळवतं, तसं. बाईंना वाटलं, त्यापेक्षा या पोरीने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता सांगायचं होतं, दुसरं काय? दोन वाक्यांचं काम. "खडूचं उदाहरण चूक. दिशा बरोबर होती." दुसऱ्या दिवशी बाई हे ठरवून वर्गात गेल्या आणि हजेरी घेऊन पुढचा मुद्दा शिकवायला लागल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, सोमवारी सांगू. सोमवारी डोकं दुखलं. एवढी खमकी बाई, प्रिन्सिपॉलशी वेळापत्रकावरून तासभर भांडणारी, पण त्या दोन वाक्यांपुढे नुसती शेळी झाली. आणि रोज पॅसेजमधून ऐकू यायचं, "ए कोळसा, जर्नल दे ना." "कोळसा, कँटीनला येतेस?" आता त्यात द्वेषही उरला नव्हता, ते पोरीचं नावच झालं होतं. तिच्या सावळ्या रंगाला ते आणखीनच चिकटलं. पोरगी ओ द्यायची. ती ओ ऐकली, की बाई स्टाफरूममध्ये जाऊन उगाच कपाट आवरत बसायच्या.

घरी, पंतनगरच्या दोन खोल्यांत, त्यांनी एकदाच विषय काढला. नवरा राजेश टेलिफोनमधून रिटायर झालेला, गवारीच्या शेंगा मोडत बसला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग सांगून टाक ना वर्गात, चुकलं म्हणून. त्यात काय एवढं?"

"अहो, त्यात काय एवढं? इतकी वर्षं शिकवलं मी ते!"

"मग इतकी वर्षं चुकलं म्हण."

"तुमचं काय जातंय बोलायला!"

"माझं काही जात नाही गं," राजेश शेंगांवरची नजर न काढता म्हणाला. "पण तुला खडूची लाज वाटतेय की त्या पोरीची, ते आधी ठरव. तू मघापासून नुसती खडूबद्दल बोलतेयस."

बाई उठून आत गेल्या. खरं बोलला होता मेला. खडूची चूक ही चूकच होती, पुस्तक उघडलं की दुरुस्त होणारी. पण लेकराने विश्वासाने सांगितलेला बापाचा धंदा चाळीस पोरांपुढे हसण्यावारी न्यायचा, ही कसली चूक? गिरणीच्या बॉयलरसमोर उभ्या राहिलेल्या बापाची लेक ना आपण? शाळेत असताना कुणी वडिलांवरून बोललं असतं तर? त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही.

असं करता करता सप्टेंबरचा शेवट आला. निरोपाचा कार्यक्रम शनिवारी, कॉलेजच्या हॉलमध्ये. जुने विद्यार्थी ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत कुठून कुठून आले. बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, आता शेवटची संधी. वाक्य पाठ करून ठेवलं होतं: बारावीतली दिशा मडवळ बरोबर होती, आणि मी तिला सगळ्यांसमोर हिणवलं. नाव घेऊन, याच कॉलेजात, याच पोरांसमोर. त्याशिवाय ते कोळसा नाव मिटणार नव्हतं.

हॉलमध्ये शिरल्या आणि बघतात तर दाराशी खडूची खोकी. येणाऱ्या प्रत्येकाला एकेक खडू. कार्यक्रम सुरू झाला, दोनचार भाषणं झाली, आणि मग धम्मपाल नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी माइकवर आला. तो आता मुलुंडच्या कॉलेजात स्वतःच केमिस्ट्री शिकवत होता. "आज हार नाही, तुरे नाहीत," तो म्हणाला. "मॅडमना मानवंदना मॅडमच्याच स्टाइलने. सगळे उभे राहा. एक, दोन, तीन!"

कट्! भरलेल्या हॉलमध्ये एकदम सगळे खडू मोडले. पांढरी भुकटी उडाली, पोरं ओरडली, "एनर्जी बाहेर!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या रांगेत कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी. बाई स्टेजवर हात जोडून उभ्या, आणि मनात म्हणतायत, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. इतका सन्मान, आणि तो कशाचा? आपल्या चुकीचा.

त्यांच्या हातात माइक आला. त्या बोलल्या. "मला तुम्हाला एक सांगायचंय. हे खडूचं चूक आहे. बाँड तुटताना एनर्जी बाहेर येत नाही. द्यावी लागते. मी इतकी वर्षं तुम्हाला चूक शिकवलं."

मग धम्मपाल पुढे झाला आणि हसत हसत म्हणाला, "मॅडम, आम्हाला एफवायलाच कळलं होतं ते! पण तुमच्या खडूमुळेच तर थर्मो आवडायला लागलं ना यार!" हॉल खदखदून हसला. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, आम्हाला पण माहीत होतं!" मग टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षाही जोरात. केवढ्या मनमोकळ्या मॅडम! एवढ्या मोठ्या असून सगळ्यांसमोर चूक कबूल करतात! प्रिन्सिपॉलांनी उठून बाईंच्या खांद्यावर शाल पांघरली, नारळ हातात दिला, फोटोवाल्याने "इकडे बघा मॅडम" म्हटलं.

आणि पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. त्या टाळ्या थांबवून पुन्हा माइक मागायला छाती लागते, ती बाईंकडे नव्हती. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी बिचाऱ्या मॅडमना सांभाळून घेतलं होतं. ज्या एका पोरीने तोंडावर सांगितलं, तिलाच तेवढी शिक्षा झाली. बाईंनी शालीतून मान वर करून दिशाला शोधलं. ती दिसली नाही.

रविवारी संध्याकाळी बाई कार्यक्रमाला नेसलेली सुती साडी पिशवीत घालून पूल ओलांडून भटवाडीत गेल्या. विचारत विचारत टेबल सापडलं. एका इमारतीच्या जिन्याखाली पत्रा लावून केलेली जागा, कपड्यांचे गठ्ठे, आणि दिशाचे वडील लवू मडवळ इस्त्रीत कोळसे घालून पंख्याने वारा घालतायत. दिशा बाजूला बसून शर्टांच्या घड्या घालत होती. बाईंना बघून तिचा हात थांबला.

"बाबा, तोडणकर मॅडम," ती म्हणाली.

"अरे देवा! या या मॅडम!" लवू मडवळांची नुसती धांदल उडाली. "दिशा, स्टूल पूस गो. बसा मॅडम. तुमी आमच्या दारात इलात आणि उभ्या रवतलात?"

बाई बसल्या. बापलेक दोघांसमोर माफी मागायची असं ठरवूनच आल्या होत्या. "मडवळ, मी एवढ्यासाठी आले, की वर्गात माझ्याकडून दिशाला, म्हणजे तुमच्या या इस्त्रीवरून..."

"ठावक आसा माका!" लवू मडवळांचा चेहरा फुलून आला. "ह्या माझ्या चेडवान, दिशान, सगळा सांगल्यान. तुमी वर्गात माझ्या इस्त्रीचा उदाहरण दिलात! बारावीच्या वर्गात, सायन्साच्या! मॅडम, मी सगळ्या गल्लीक सांगितलंय. आजवर लोकांनी कपडे दिल्यानी नि नेल्यानी. पण हेच्यात शिकण्यासारखा कायतरी आसा, ह्या कोणी म्हटला नव्हता."

बाईंनी दिशाकडे बघितलं. दिशा घडी हातात धरून बापाच्या पाठीमागे उभी होती. ती मान हलवत होती. अगदी हळू, इकडून तिकडे. नको. मॅडम, सांगू नका. वर्गात झालेला पाणउतारा ही पोर घरी घेऊन आली होती, आणि बापाला कळू नये म्हणून तिने त्याचा मान करून दिला होता. सुलक्षणाबाईंना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मोठमोठ्याने रडून माफी मागावी असं वाटत होतं, आणि माफी मागायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

"पण मॅडम," लवू मडवळ पंखा बाजूला ठेवून म्हणाले, "कोळसो तापता कित्याक, ता माका अर्धाच कळला. तुमी सांगा बघू."

बाईंनी इस्त्रीतल्या निखाऱ्यांकडे बघितलं. "जुळून तापतो," त्या म्हणाल्या. "कोळसा हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो. जुळताना उष्णता बाहेर पडते. तुम्ही वारा घालता तो त्याच्यासाठीच. हे मला आधी नीट माहीत नव्हतं, मडवळ. तुमच्या मुलीने मला सांगितलं."

"काय पण मॅडम!" लवू मडवळ मनापासून हसले. मोठी माणसं असंच बोलतात, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. साडी मात्र त्यांनी अशी निगुतीने इस्त्री केली, की काठाला एक चुणी राहिली नाही.

गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला दिशा आली. गरम साडीची पिशवी छातीशी धरून बाई म्हणाल्या, "दिशा, माझं फार चुकलं गं. कसं तोंड दाखवू तुला?"

दिशा चालतच राहिली. मग म्हणाली, "काल हॉलमध्ये मी दारात होते, मॅडम. तुम्ही आत गेल्यावर खडू मीच वाटत होते. तुम्ही चूक आहे म्हणालात, तेव्हा वाटलं, आता माझं नाव घ्याल." तिने पायाने एक खडा बाजूला केला. "मग टाळ्या वाजल्या."

बाई जागीच थांबल्या.

"बाबांना काही सांगू नका," दिशा म्हणाली आणि मागे वळली.

सोमवारी, रिटायर झालेली ही बाई सकाळच्या पहिल्या तासाला बारावीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. तास आता अनिरुद्ध नावाच्या नव्या सरांचा होता. "सर, दहा मिनिटं द्याल?" असं विचारताना त्यांचे कान पुन्हा तापले, कारण कालपरवापर्यंत आपल्या असलेल्या वर्गाची आता भीक मागावी लागत होती. अनिरुद्ध सर गोंधळले, पण बाजूला झाले. पोरांना वाटलं, मॅडम निरोप घ्यायला आल्या. दोघातिघांनी हसून खडू पुढे केला.

बाईंनी तो घेतला, पण मोडला नाही. "जुलैमध्ये या वर्गात दिशा मडवळने मला सांगितलं, की बाँड तोडायला एनर्जी लागते आणि जुळताना ती बाहेर पडते. ती बरोबर होती. मी चूक होते. मला उत्तर देता येईना, म्हणून मी तिच्या घरच्या कामावरून तिला हसले, आणि तुम्हाला हसायला लावलं. ते नाव तुम्ही ठेवलं नाहीत, मी ठेवलं. आणि परवा हॉलमध्ये एवढ्या टाळ्या घेतल्या, तेव्हाही मी तिचं नाव घ्यायला घाबरले. दिशा, मी तुझी माफी मागते."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलंही नाही. मागच्या बाकावरचा एकजण उगाच पेनाचं टोपण काढत घालत होता. गार्गी बाकावर नखाने रेघा ओढत बसली होती. दिशा वहीत बघत होती. सवयीने बाईंच्या तोंडून निघालं, "काही शंका?" आणि त्यांचे डोळे दुसऱ्या बाकावर गेले. तिथला हात वहीवरच राहिला.

बऱ्याच वेळाने हात वर आला तो गार्गीचा. पोरगी रडवेली झाली होती, पण विचारलं तिने. "मॅडम, मग खडू मोडताना आवाज येतो तो कुठून येतो? त्यालाही एनर्जी लागते ना?"

बाई दुसऱ्या बाकाकडे वळल्या. "दिशा," त्या म्हणाल्या, "सांगतेस?"

दिशा उभी राहिली नाही. तिने मान मात्र वर केली आणि सरळ बाईंकडे बघितलं.

"मोडणाऱ्याच्या हातातून येतो, मॅडम."

सुलक्षणाबाईंनी अख्खा खडू टेबलावर ठेवला, पांढरा झालेला हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बरोबर."